ग्रीक कॉमेडी लॉग: गाडी पाद्रीबुवांपाशी अडलीय

तर मंडळी, फिनोस फिल्म या जुन्या ग्रीक कंपनीच्या ब्लॅक अँड व्हाइट कॉमेड्या बऱ्यापैकी उरकल्या आणि मी ऐंशीच्या दशकात शिरलो, तर दारातच 1983 चा 'पपासूझास' उभा. सोतिरिस मुस्ताकास पाद्रीच्या रोलमध्ये. हो, तोच सायप्रसचा, 'झोर्बा द ग्रीक'मधला गावचा वेडा मिमिथोस. सिनेमा म्हणून अगदीच कच्चा आहे, अर्धे जोक आरडाओरड्यावर, पण मुस्ताकासचा चेहरा एवढा चालतो की बंद करवत नाही.

एक सांगतो, गोव्या-वसईचा फादर डोक्यात ठेवून हे सिनेमे बघू नका, काहीच कळणार नाही. ग्रीसमधला गावचा पाद्री बहुतेक वेळा चांगला संसारी माणूस असतो, दीक्षेच्या आधी लग्न केलेलं असलं की झालं, घरी बायको (तिला पपादिया म्हणतात), पोरं, किराणा, सगळं. वर 1945 पासून पगार सरकारी तिजोरीतून. बिशप मात्र ब्रह्मचाऱ्यांतूनच होतो, म्हणजे बुवांना प्रमोशनचा रस्ताच बंद, आणि डोक्यावर बसलेला साहेब असा की ज्याला संसार म्हणजे काय ते माहीतच नाही! कॉमेडीला अजून काय पाहिजे?

मुद्दाम मध्येच 1952 चा 'डॉन कामिलो' परत लावला, फर्नांदेलवाला. त्यातला पाद्री कॅथलिक, एकटा, म्हणून वेदीवरच्या येशूशीच गप्पा मारतो. ग्रीक बुवाला ती गरज नाही, उलट बोलायला घरात पपादिया बसलीय. माझ्या मते दोन्हीकडच्या विनोदातला फरक सगळा इथेच आहे.

आणि वर्ष बघा. 1981 ला पापान्द्रेऊंचा समाजवादी पक्ष पासोक सत्तेत आला, 1982 ला सिव्हिल मॅरेज आलं, त्याआधी ऑर्थोडॉक्स जोडप्याला चर्चशिवाय लग्नच नव्हतं, आणि 1983 ला हुंडा कायद्यातून गेला. अशा टायमाला थेटरात पाद्रीवर हसायला मिळतंय म्हणजे पब्लिकच्या हसण्यात थोडं राजकारण पण असणारच.

या नादात जुन्या सिनेमांतले लग्नाचे सीन परत काढले आणि तिथेच रमलो. दोघांच्या डोक्यावर रिबिनीने जोडलेले मुकुट, टेबलाभोवती तीन फेऱ्या, वर तांदळाचा मारा, आणि पाद्री वाचता वाचता सेंट पॉलच्या 'पत्नीने पतीचा धाक धरावा' या ओळीवर आला की नवरी नवऱ्याचा पाय दाणकन तुडवते!! दिग्दर्शक त्जावेलासच्या 1965 च्या सिनेमाचं नावच ती ओळ आहे. त्यात कोन्स्तान्दिनू आणि मारो कोन्दू हे कलाकार, लग्नाशिवाय वर्षानुवर्षं एकत्र राहिलेलं जोडपं, लग्न लागतं आणि मग बाई बदलतात. ज्यांनी बघितला नाही त्यांनी पपासूझासच्या आधी हा बघा, दर्जाच वेगळा आहे.

भाषेचं म्हणाल तर बाजारातली, घरातली भांडणं आता सबटायटलशिवाय बरीच पकडता येतात, पण चर्चचा सीन आला की ब्रेक लागतो, कारण तिथलं सगळं जुन्या ग्रीकमध्ये, त्यात गाऊन म्हटलेलं, ऑटो कॅप्शन तर तिथे वाट्टेल ते छापतं. म्हणून मी आता कान सोडून हातांकडे बघतो. आत शिरल्या शिरल्या मेणबत्त्यांच्या काउंटरवर कोण किती नाणी टाकतं, कोण नुसतंच टाकल्यासारखं करतं, आणि बुवा ते कसं तिरक्या नजरेने टिपतात. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पाद्री घरोघरी पवित्र पाणी शिंपडायला जातात, ते पण बेसिलच्या जुडीने, म्हणजे आपल्या तुळशीच्याच भावकीतलं झाड. ती प्रथा कुठल्या कॉमेडीत नीट वापरलीय का ते शोधतोय, कोणाला आठवत असेल तर सांगा.

पुढचा नंबर 'पपासूझास फँटोमास', मग व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यातला माल. माझ्याकडची प्रिंट फार धुरकट आहे, बरी कॉपी कुठे दिसली तर कळवा रे.