आमची वाटचाल : दांडे वाकवता वाकवता

आमचा धंदा मुळात नटबोल्टचा. तोंडाने बोलता न येणाऱ्या मुलांसाठी बोलकं यंत्र असतं, स्क्रीनवरचं बटण निवडलं की ते शब्द बोलतं. ते व्हीलचेअरला बसवायचं तर दांडा लागतो, क्लॅम्प लागतो. मूल खुर्चीत कसं बसतं, मान कुठे झुकते, हात कुठवर पोचतो हे पाहून तो दांडा नेमका वाकवावा लागतो. मी आणि माझा भागीदार, आम्ही दोघांनी हेच काम सुरू केलं. जोडीला स्क्रीनवर बसवायच्या जाळ्या करायचो, प्रत्येक बटणापुरतं भोक पाडलेल्या ॲक्रिलिकच्या. थरथरणारं बोट शेजारच्या बटणावर पडू नये म्हणून. शिवाय दुरुस्ती.

आज आम्ही अशा मुलांचं उन्हाळी शिबिरही घेतो. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांनीच आम्हाला त्याकडे ढकललं. रोजच्या वापरातलं यंत्र हातात घेतलं की कळतं. कडेला लाळ वाळलेली असते, ‘नको’च्या चौकटीवर ओरखडे असतात. पण आमच्याकडे येणारी बरीच यंत्रं नव्यासारखी कोरी असायची. बॅटरी फुगली म्हणून आलेली, वापरून नव्हे, नुसती पडून. असंच एक यंत्र परत देताना मी त्या मुलीच्या आईला म्हणालो, “आता हे रोज चालवा, बंद ठेवू नका.” त्या म्हणाल्या, “चालवायला काही नाही हो, पण ती बोलणार कुणाशी? मला तर ती न बोलताच कळते.”

त्या रात्री आम्ही दोघं वर्कशॉपमध्ये उशिरापर्यंत बसलो होतो. दांडा आम्ही वाकवून देऊ, पण गप्पा मारायला माणूस कुठून आणणार? अशी मुलं, मुली एकत्र आणायची, आईवडिलांना पाच दिवस घरी ठेवायचं, असं ठरलं. शिबिराचा अनुभव शून्य होता.

पहिलं शिबिर फसलं. दिवसाला सहा कार्यक्रम आखले होते आम्ही! चित्रकला, होडी, नाटक, आणि काय काय. तोंडाने बोलणारा माणूस मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द सहज बोलतो. यंत्रावर बोट ठेवून बोलणाऱ्याचे बहुतेक वेळा दहा-पंधराही होत नाहीत. स्विचने बोलणाऱ्याचं तर त्याहून हळू: स्क्रीनवर ओळी एकेक करून उजळत जातात, आपली ओळ आली की डोक्याने स्विच दाबायचा, मग त्या ओळीतली घरं उजळायला लागतात, पुन्हा दाबायचा. एक क्षण हुकला की सगळी फेरी पहिल्यापासून. अशा मुलाला “काय मग, मजा आली का?” असं विचारून आमचे स्वयंसेवक दोन सेकंदांत पुढच्याकडे वळत होते. होडीच्या पाळीबद्दल एका मुलाने लिहायला घेतलेलं वाक्य पूर्ण झालं तेव्हा होडी धुऊन उलटी ठेवलेली होती.

दुसऱ्या वर्षी कार्यक्रम तीनवर आणले. आणि शिबिराआधी एक दिवस कर्मचाऱ्यांचं तोंड बंद ठेवायला सुरुवात केली. त्या दिवशी जेवणसुद्धा यंत्रावर बोलूनच करायचं. माझा भागीदार, ज्याने अशी शेकडो यंत्रं हाताळली आहेत, तो मीठ मागायला बसला. मुख्य पान, मग जेवणाचं पान, मग ‘पदार्थ’, मग परत मागे. शेवटी वैतागून उठला आणि स्वतःच जाऊन मीठ घेऊन आला. वाचातज्ज्ञ बाई हसल्या आणि म्हणाल्या, “मुलं हेच करतात, फक्त त्यांना उठता येत नाही.” या सरावाचा दुसरा फायदा असा की कर्मचारी शिबिरातही बोलताना मुलाच्या यंत्रावरची बटणं दाबून दाखवू लागले. बाळ दोन शब्द बोलायच्या आधी हजारो वेळा भाषा ऐकतं. या मुलांना त्यांची भाषा, म्हणजे बटणांची, दुसरं कुणी बोलताना क्वचितच दिसते.

शब्द भरण्यातही आम्ही माती खाल्ली. हौसेने प्रत्येक यंत्रात ‘तंबू’, ‘वल्हं’, ‘शेकोटी’ अशी खास पानं केली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. रोजच्या बोलण्यातला साधारण ऐंशी टक्के भाग काहीशे शब्दांतच होतो: मी, तू, नको, आणखी, जा, थांब. तेच त्यांना हवे होते, आणि हवं होतं ते “तू फसवलंस”, “सरक”, “शी, किती बोअर”. चौदा वर्षांच्या मुलाच्या यंत्रात पाच वर्षांच्या मुलाचे शब्द का भरून ठेवतात, हे मला आजही कळत नाही. एका पालकांची तक्रार आली की मुलगा शिबिरातून शिव्या शिकून आला. आम्ही माफी मागितली. पण खरं सांगू? वर्कशॉपमध्ये परत आल्यावर आम्ही चहा पीत जरा खूशच होतो.

उन्हाळी शिबिर म्हणजे ऊन हवंच, आणि उन्हानेच घात केला. नजरेने चालणारी यंत्रं डोळ्यांवर इन्फ्रारेड प्रकाश टाकतात, त्याचं बुबुळावरचं प्रतिबिंब कॅमेरा पकडतो आणि नजर कुठल्या चौकटीवर आहे ते यंत्राला कळतं. सूर्यप्रकाशातही इन्फ्रारेड भरपूर असतो. भर दुपारी मैदानात तीन मुलांची यंत्रं एकाच वेळी आंधळी झाली. तेव्हापासून गप्पांच्या जागेवर जाड कापडाचा मांडव असतो आणि मैदानातले खेळ सकाळ-संध्याकाळ. पोहण्याच्या वेळी लॅमिनेट केलेले कागदी तक्ते. एकदा रात्री चार्जिंगचा फ्यूज उडाला आणि सकाळी अर्ध्या मुलांचा आवाज गेलेला होता. त्यामुळे आता कागदी तक्ता प्रत्येकाच्या खुर्चीला कायम लटकलेला असतो, आणि रात्री चार्जिंगवर लक्ष ठेवायला एक माणूस असतो, त्याला दुसरं कुठलंच काम नसतं.

एक गोष्ट मात्र आमच्या डोक्यातच आली नव्हती. शेकोटीभोवती चार मुलांचा आवाज एकच निघाला, तोच कंपनीचा तयार आवाज. अंधारात कोण बोललं ते कळेना. आम्ही आवाज बदलून द्यायचं सुचवलं. तिघांनी आनंदाने बदलले. चौथी मुलगी म्हणाली, “नको. हा माझा.” मला स्टीफन हॉकिंग आठवले. 1985 मध्ये श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेत त्यांची वाचा गेली. त्यांचा यांत्रिक आवाज डेनिस क्लॅट या संशोधकाच्या स्वतःच्या आवाजावर बेतलेला होता. पुढे कितीतरी चांगले आवाज निघाले, त्यांनी बदलला नाही. आम्हीही त्या मुलीला पुन्हा विचारलं नाही.

हिशेबाचं थोडक्यात सांगतो. जवळपास प्रत्येक मुलामागे एक माणूस लागतो, रात्रपाळी वेगळी, वर विमा. पहिली दोन वर्षं शिबिर तोट्यात, दांड्यांच्या कमाईवर चाललं. आता कसंबसं स्वतःच्या पायावर उभं आहे. शिबिरात एकही यंत्र विकायचं नाही हा नियम तेव्हाच केला. विकली असती तर तोटा भरून निघाला असता, भागीदाराशी यावरून दोनदा भांडणही झालं.

पालक नाव नोंदवताना अजूनही विचारतात, यंत्राची सवय लागली तर असलेलं बोलणं जाईल का? मिलर, लाइट आणि श्लोसर यांनी 2006 मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांनी ग्राह्य धरलेल्या नोंदींत एकाचंही बोलणं कमी झालेलं नव्हतं, बहुतेकांचं थोडं वाढलंच होतं. हे मी पालकांना सांगतो. पटतं की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही, पण फॉर्म भरून देतात.

गेल्या वर्षी पहिल्या शिबिरातला, होडी हुकलेला तो मुलगा आमच्याकडे कामाला आला. मुलाखतीत मी विचारलं, “काम काय करशील?” डोक्याजवळचा स्विच टकटक वाजत राहिला. मी घड्याळाकडे बघायचं टाळलं. चार मिनिटांनी यंत्र बोललं, “पगार आधी सांगा.”