गोधडी, वीस-वीस मिनिटांची

गोधडीच्या कामाला दोन जातींचा वेळ लागतो. एक सलग, ज्यात काम अर्ध्यावर टाकलं की बिघडतं. दुसरा तुटक, ज्यात सुई तशीच खोचून पोळी परतायला उठलं तरी चालतं. घरात दोन आणि पाच वर्षांची मुलं असताना पहिल्या जातीचा वेळ मला आठवड्यातून जेमतेम एकदा मिळतो. म्हणून कुठलं काम कुठल्या वेळात बसतं, हे ठरवूनच मी कात्री हातात घेते.

माप लहान मुलाच्या गोधडीचं. सहावारी सुती साडी साडेपाच मीटर, पन्हा ४५ इंच. फॉल उसवून तिचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक साधारण ५४ इंच लांब. तीन तुकडे आतल्या थरांना आणि पाठीला, वर ठिगळांचा थर. झाली चौघडी. चौथा तुकडा राखीव ठेवते, कारण साडी कुठे विरलेली आहे ते कापल्यावरच नीट कळतं. त्याआधी ती उजेडासमोर धरून दोन्ही हातांनी ताणून बघायची. चर्र आवाज आला तर ती पुसायच्या फडक्यांना गेली. निऱ्यांचा खालचा, पायात येणारा भाग आधी फाटतो. जरीचे काठ नकोतच, ते अंगाला टोचतात आणि दोराही कापतात.

वरच्या थराला ५ इंचांचे ९९ चौकोन लागतात, ९ आडवे आणि ११ उभे. चारी बाजूंनी पाव इंच शिलाईत गेलं की चौकोन साडेचार इंचांचा उरतो, म्हणजे वरचा थर साडेचाळीस बाय साडेएकोणपन्नास. पाठीचं कापड चहूबाजूंनी सव्वादोन इंच जास्त राहतं, ते पुढे दुमडून गोट, म्हणजे काठाची किनार, होते. वेगळी पट्टी कापायला नको. ३६ इंच पन्ह्याच्या ८० सेंटीमीटर ब्लाउजपीसमधून ४२ चौकोन निघतात. मात्र ओटीत आलेले ब्लाउजपीस डोळे मिटून वापरू नका, त्यातले बरेच सुती नसतात. कडेचा एक धागा चिमट्यात धरून गॅसवर जाळायचा. कागदासारखा जळून राख झाली तर सुती, वितळून कडक मणी झाला तर टेरिकॉट. दोन्ही एकत्र शिवले की धुण्यात सुती आटतं, टेरिकॉट आटत नाही आणि मधे चुण्या पडतात. त्या पुन्हा सरळ होत नाहीत.

नवं कापड आधी एकदा धुऊनच घ्यायचं. लाल आणि गडद निळं वेगळं भिजवून पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून बघायचं. मिठाच्या पाण्याचा उपाय सगळे सांगतात, पण बाजारातल्या आजच्या रंगांवर तो भरवशाचा नाही. रंग सुटला तर तो तुकडा बाद.

दोरा आणि सुया रविवार पेठेत, बोहरी आळीत घेते. मेट्रोने मंडईला उतरलं की चालत जाता येतं, पार्किंगचा प्रश्न नाही. मूल सोबत असेल तर सकाळी उरकायचं. दुपारच्या झोपेचा हक्क पुण्यात फक्त मुलांना नाही, दुकानदारांनाही आहे. दोरा किती लागेल हा हिशेब मात्र घरून करून न्यायचा. गोधडीचं क्षेत्रफळ चौरस इंचांत काढून टाक्यांच्या दोन ओळींमधल्या अंतराने भागायचं. ४० गुणिले ५० म्हणजे २०००. ओळी एक-एक इंचावर असतील तर २००० इंच, म्हणजे सुमारे ५१ मीटर धावदोरा, सगळे थर एकत्र धरणारा साधा सरळ टाका. गाठी आणि वाया जाणारी टोकं धरून ६५ मीटर घ्यावा. दीड इंचावर ओळी घातल्या तर धावदोरा ३४ मीटरच होतो, पण रोजच्या वापरात थर लवकर सरकतात.

कापायचं काम रात्री, मुलं झोपल्यावर. साचा पुठ्ठ्याचा केला तर पन्नासाव्या चौकोनापर्यंत त्याचे कोपरे झिजतात आणि माप वाढत जातं. जुन्या एक्सरेच्या फिल्मचा केला की शेवटपर्यंत तसाच राहतो. एका वेळी दोनच पदर कापायचे, तिसऱ्याला खालचा सरकतो. रात्रीला २५ चौकोन धरले तर चार रात्री.

रंगांची मांडणी पाच वर्षांच्या माणसाकडे सोपवावी. जमिनीवर चौकोन मांडून होताच फोटो काढायचा आणि एकेक आडवी ओळ डावीकडून उचलून, कोपऱ्यातून सुई घालून दोऱ्यात ओवायची, गजऱ्यासारखी. टोकाला कागदाचा आकडा. असे ११ गजरे खुंटीला टांगले की धाकट्याने कितीही धिंगाणा घातला तरी क्रम मोडत नाही.

जोडायला मशीन. एका ओळीत आठ छोट्या शिलाया, दहा मिनिटांचं काम. दोरा न तोडता पुढचं जोड पायाखाली सरकवत गेलं की दोरा आणि वेळ दोन्ही वाचतात. इथे चूक दिसत नाही, पण साठते. प्रत्येक बाजूला एक मिलिमीटर जास्त दाबला गेला तर आठ शिलायांत १६ मिलिमीटर जातात आणि ती ओळ शेजारणीपेक्षा आखूड पडते. म्हणून सुईपासून पाव इंचावर मशीनच्या पाटीला चिकटपट्टी लावते आणि कापडाची कड तिच्यालगत धरते. मागच्या दुमडी एका ओळीत उजवीकडे, पुढच्या ओळीत डावीकडे वळवायच्या. ओळी एकमेकींना जोडताना चौकोनांचे कोपरे मग आपोआप एकमेकांत बसतात. मुलं जागी असताना इस्त्री नको, स्टीलच्या वाटीची पाठ जोरात फिरवली तरी दुमड बसते. मशीनवरून उठताना पट्टा उतरवून ठेवायचा, नाहीतर मागे पायट्यावर कोण चढेल सांगता येत नाही.

थर पसरून कच्चे टाके घालणं हे एकच काम खऱ्या अर्थाने सलग. दीड तास, मोकळी फरशी आणि घरात मुलं नाहीत, अशी वेळ. शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, धाकटा त्याच सकाळी पाळणाघरात असेल तर ते जमतं. पाठीचं कापड उलटं पसरून चारी कडा फरशीला चिकटपट्टीने ताणून लावायच्या. त्यावर मधले दोन थर ठिगळांच्या मापाचे कापून, मग ठिगळं. हाताने मधून बाहेर हवा सारत, वीत-वीतभर अंतरावर उभे-आडवे मोठे टाके. पिना वापरत नाही, एक जरी आत राहिली तरी मुलाच्या अंगाला लागेल. इथे घाई केली की पुढे पोटात फुगा येतो आणि तो शिवताना निघत नाही, फक्त जागा बदलतो.

यापुढे सगळं तुटक वेळातलं. पारंपरिक धावदोरा काठापासून आत फिरत जातो. तो दिसतोही सुंदर, पण कापड मधे ढकलतो. म्हणून मी आधी मधोमध अधिक चिन्हासारख्या दोन ओळी घालून घेते आणि मग काठाकडे जाते. गोट कच्चा आधीच दुमडून ठेवलेला असतो, पहिला फेरा त्यावरूनच. दोरा हातभरच घ्यायचा, मेणबत्तीवरून एकदा ओढला की गुंता कमी. गाठ वरच्या थरातून टचकन आत ओढून लपवायची. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, सुईवर चार-पाच घेऊन ओढायचा. एका मीटरला मला दहा-बारा मिनिटं लागतात. म्हणजे एकूण दहा तासांच्या आसपास, रोज वीस मिनिटं धरली तर एक महिना. बोटात अंगुस्तान हवंच, चार थरांतून सुई ढकलताना तिसऱ्या दिवशी बोट सोलतं.

सुया मोजून दोन. स्टीलच्या डब्याच्या झाकणाला खालून लोहचुंबक लावला की सुया वर चिकटून राहतात. काम थांबवताना दोन्ही झाकणावर दिसल्याशिवाय उठायचं नाही. एक कमी भरली तर तोच चुंबक आधी गोधडीवरून आणि मग फरशीवरून फिरवते. धाकट्याला गप्प बसवायला लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला पंचने भोकं पाडून देते, सोबत प्लॅस्टिकची बोथट सुई आणि लोकर. कधी दहा मिनिटं मिळतात, कधी तीन. मणी, टिकल्या, बटणं गोधडीवर अजिबात नाहीत, ती तोंडात जातात. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत अंगावर सैल गोधडी घालू नये, तिथे अंगाबरोबरचे उबदार कपडेच बरे.

कच्चे टाके शेवटच्या फेऱ्यानंतरच उसवायचे. पहिली धुणी बादलीत, गार पाण्यात. पिळायची नाही, दाबून पाणी काढायचं. वाळत घालताना एका दांडीवर लोंबकळवली तर पाण्याच्या वजनाने मधले थर खाली उतरतात, त्यामुळे बाल्कनीच्या दोन-तीन दांड्यांवर आडवी पसरायची आणि दुपारी उलटायची. जुलैत काम संपलं तर मी धूतच नाही, गणपतीनंतर चांगलं ऊन पडेपर्यंत तशीच घडी करून ठेवते.