इन्क्युबेशन सेंटर, गंधकाची धुरी आणि विद्यापीठाचं लाइटबिल

आमच्या तासगाव तालुक्यात फेब्रुवारी लागला की बेदाण्याच्या शेड भरायला लागतात. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवून काढायची, जाळीवर पातळ पसरायची आणि मग बारा-पंधरा दिवस आभाळाकडे बघत बसायचं. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. त्या दिवसांत एखाद्या रात्री ढग दाटले, हवा दमट झाली आणि पडदे सोडायला उशीर झाला, की माल काळपट पडतो आणि सौद्यात भाव तुटतो. मी एम.टेक.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा रात्री दोनला अण्णांचा होस्टेलवर फोन आला. "पोरी, पडदं सोडायचं राहिलं." एवढंच. मी तिथून काय करणार होते? कुणाला तरी सांगावंसं वाटलं असणार.

शेडमधली आर्द्रता मोजून वेळेत इशारा देणारं यंत्र, हा माझा प्रबंधाचा विषय तिथून आला. त्याचा धंदा होईल असं मात्र माझ्या डोक्यात नव्हतं. ते आमच्या गाईड सरांच्या डोक्यात आलं. एक दिवस ते म्हणाले, "वर दुसऱ्या मजल्यावर जाऊन ये. तिथं एक ऑफिस आहे, कुणी फारसं जात नाही."

दरवाज्यावर 'नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य' अशी भारदस्त पाटी होती. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ आल्यापासून सरकारी विद्यापीठांना या कामासाठी स्वतंत्र मंडळ ठेवावं लागतं, हे मला नंतर कळलं. हेच आमच्या विद्यापीठाचं इन्क्युबेशन सेंटर, म्हणजे नव्या उद्योगाला सुरुवातीला बसायला टेबल आणि मदत देणारी जागा. आत एक मॅनेजर मॅडम, एक थ्रीडी प्रिंटर आणि आठ टेबलं. चार टेबलांवर माणसं होती. मॅडमनी अकरा पानी फॉर्म दिला. त्यातल्या एका रकान्यात देशातली एकूण बाजारपेठ किती कोटींची, ते लिहायचं होतं. मी होस्टेलवर बसून सांगली, सोलापूर, नाशिक, विजापूर असं करत कसाबसा एक आकडा काढला. आज तो कागद बघितला की हसू येतं.

समितीसमोर दहा मिनिटं मिळाली. मी सर्किट समजावून सांगण्यात आठ घालवली. समितीवर एक माजी विद्यार्थी होते, आमच्याच विभागातून १९८९ साली बाहेर पडलेले. शिरोली एमआयडीसीत त्यांचा इलेक्ट्रिक पॅनेलचा कारखाना आहे. त्यांनी एकच विचारलं, "किती शेडवाल्यांशी बोललीस?"

"दोन."

"त्यातले एक तुझे वडील असतील."

होते. दुसरे मामा होते, ते मी सांगितलं नाही. समितीने नाही म्हटलं नाही, पण चाळीस शेड फिरून ये आणि मग टेबल माग, असं सांगितलं. तेव्हा मला अपमान वाटला. विद्यापीठाने मला जे जे दिलं त्यात सगळ्यात मोलाचं तेच होतं, आणि त्याला त्यांचा एक रुपया खर्च आला नाही.

पूर्ण हंगाम मी भावाची स्कूटी घेऊन फिरले. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज, थोडं पंढरपूरच्या बाजूला. चाळीस काही झाल्या नाहीत, छत्तीस झाल्या. मी मोबाइलवर सुंदर आलेख दाखवणारं ॲप करणार होते. मालक लोक ॲप बघून "छान हाय" म्हणायचे आणि चहा मागवायचे. पण रात्री शेडवर मालक नसतोच. तिथं मुकादम आणि त्याची माणसं झोपलेली असतात, त्यांच्याकडे साधा फोन असतो आणि शेडवर नेट धड चालत नाही. एका मुकादमाने मला योग्य वाटेला लावलं. म्हणाला, "ताई, मला आकडा नको. मला उठवा." त्या दिवशी ॲप गेलं आणि भोंगा आला. भोंगा वाजायचा, आणि पाच मिनिटांत कुणी बटण दाबलं नाही तर मुकादमाला आणि मालकाला फोन जायचा. आजही यंत्र एवढंच करतं.

टेबल मिळालं. त्यासोबत प्रयोगशाळा संध्याकाळी सातनंतर वापरायची परवानगी मिळाली आणि होस्टेलची खोली शिक्षण संपल्यावरही सहा महिने ठेवता आली. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचं २०१९ सालचं नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण आहे, त्यात विद्यार्थ्यांना अशा सवलती द्या असं म्हटलंय. हे धोरण डाऊनलोड करून त्याची प्रिंट जवळ ठेवा. मी अतिशयोक्ती करत नाही, आमच्याकडे तीन वेगवेगळ्या टेबलांवर ती मीच नेऊन दाखवली.

त्या धोरणाची खरी गरज पडली ती सरांसाठी. यंत्रातली इशारा देण्याची पद्धत अर्धी त्यांची होती, आणि कंपनीत त्यांचा हिस्सा असावा असं मलाच वाटत होतं. प्राध्यापकाने कंपनीत भागीदार व्हायला धोरणाची हरकत नाही. आमच्या विद्यापीठात मात्र आधी कुणी असा अर्जच केला नव्हता. कुठल्या नियमाखाली परवानगी द्यायची हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि नाही म्हणायचीही कुणाची तयारी नव्हती. अर्ज विभागप्रमुखांकडून कुलसचिवांकडे, तिथून विधी विभागाकडे, मग शेरा मारून परत विभागाकडे, असा फिरला. 'यापूर्वीचे उदाहरण जोडावे' हा तो शेरा. उदाहरण आम्हीच होणार होतो, ते कुठून जोडणार? शेवटी व्यवस्थापन परिषदेत विषय गेला आणि पाच महिन्यांनी परवानगी आली. अटी अशा की सर संचालक होणार नाहीत, शिकवण्याच्या तासांना धक्का लागणार नाही आणि वर्षातून एकदा लेखी माहिती देतील. पुढच्या वर्षी केमिस्ट्रीच्या एका मॅडमचा तसाच अर्ज सहा आठवड्यांत सुटला, कारण त्यांच्याकडे जोडायला आमचं उदाहरण होतं.

विद्यापीठालाही हिस्सा द्यावा लागला. जागा, प्रयोगशाळा आणि बौद्धिक संपदा यांच्या बदल्यात संस्था २ ते ९.५ टक्क्यांपर्यंत हिस्सा घेऊ शकते असं धोरण सांगतं. आमचं ३ वर ठरलं. गावाकडे हे सांगितल्यावर चुलते म्हणाले, "फी घेतली, वर वाटापण मागतात?" मला तसं वाटलं नाही. ज्या ह्युमिडिटी चेंबरमध्ये, म्हणजे आतली हवा हवी तेवढी दमट करता येते अशा कपाटात, मी दोन वर्षं सेन्सर तपासले तसं चेंबर विकत घ्यायचं झालं असतं तर अण्णांची एक एकर बाग गेली असती.

पेटंटच्या बाबतीत मी थोडक्यात वाचले. विद्यापीठांची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा असते, तिच्या जिल्हा फेरीसाठी मी पोस्टर तयार केलं होतं. इशारा नेमका कधी द्यायचा, त्याचं पूर्ण गणित त्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं. आदल्या आठवड्यात बौद्धिक संपदा कक्षातल्या मॅडमनी ते बघितलं आणि जवळजवळ ओरडल्याच. एकदा जाहीरपणे मांडलं की नावीन्य गेलं, मग पेटंट मिळत नाही. कायद्यात थोडी सूट आहे, पण तिच्या भरवशावर राहू नकोस, असं त्या म्हणाल्या. तात्पुरतं विवरणपत्र, म्हणजे प्रोव्हिजनल, दाखल करायला त्यांनी मला दोन रात्री बसवून घेतलं. अर्जदार विद्यापीठ असल्यामुळे आठ हजारांऐवजी सोळाशे रुपये शुल्क लागलं. शैक्षणिक संस्थांना ही ८० टक्के सवलत २०२१ पासून मिळते. प्रोव्हिजनलनंतर बारा महिन्यांत पूर्ण विवरणपत्र द्यावं लागतं, नाहीतर अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. आम्ही अकराव्या महिन्यात दिलं. पोस्टर गेलं, गणित झाकून. बक्षीस काही मिळालं नाही.

पैशाची गोष्ट कंटाळवाणी आहे, लवकर सांगते. विद्यापीठाकडे स्वतःचं बियाणं, म्हणजे सुरुवातीला द्यायचं भांडवल, जवळजवळ नव्हतं. मॅनेजर मॅडमनी मला केंद्र सरकारच्या 'निधी-प्रयास' योजनेकडे पाठवलं. तिथं हाताने धरता येईल अशा वस्तूचा नमुना बनवायला दहा लाखांपर्यंत अनुदान मिळतं आणि त्यासाठी कंपनी काढलेली असण्याची गरज नसते. आमचं सेंटर त्या योजनेचं केंद्र नव्हतं, त्यामुळे अर्ज दुसऱ्या संस्थेकडे केला. पहिल्या वेळी नाकारला, दुसऱ्या वेळी मिळाला, मागितल्यापेक्षा कमी. पैसा हप्त्यांनी येतो आणि आधीच्या हप्त्याचा हिशोब सीएच्या सहीने दिल्याशिवाय पुढचा येत नाही. मी पन्नास रुपयांच्या सोल्डरचीसुद्धा पावती ठेवायला लागले. दुकानदार वैतागायचा.

त्या अनुदानातून बारा यंत्रं बनवली आणि दुसऱ्या हंगामात बारा शेडमध्ये लावली. पहिला आठवडा उत्तम गेला. मग एकेक यंत्र वेडं व्हायला लागलं. हवा कोरडीठाक आणि भोंगा वाजतोय. मुकादमांनी वायरी उपटून टाकल्या. एकाने यंत्र गोणपाटात गुंडाळून विहिरीच्या कठड्यावर ठेवून दिलं होतं, "लई बोंबलतंय" म्हणून.

कारण मला लहानपणापासून माहीत होतं आणि तरी सुचलं नव्हतं. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून शेड झाकून गंधकाची धुरी देतात. त्या धुराने नाकातोंडात आग होते, आई आम्हांला लांब पिटाळायची. तोच वायू सेन्सरच्या आत जात होता. ओलाव्याबरोबर त्याचं आम्ल होत होतं आणि आतले धातूचे जोड काळे पडत होते. चेंबरमध्ये मी आर्द्रता तपासली, तापमान तपासलं, धूळसुद्धा तपासली. धुरी तपासली नाही. विद्यापीठाच्या चेंबरमध्ये गंधक जाळायला कुणी देणारही नव्हतं म्हणा.

इथं केमिस्ट्रीच्या मॅडम आल्या, अर्ज सहा आठवड्यांत सुटलेल्या त्याच. त्यांनी फ्यूम हूडमध्ये, म्हणजे घातक वायू बाहेर ओढून घेणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटात, सल्फर डायऑक्साइड सोडून सेन्सर किती तास टिकतो ते मोजून दिलं. त्यांनी सुचवलेले लेप लावून बघितले. लेप दिला की सेन्सर टिकायचा, पण आर्द्रता फार उशिरा ओळखायचा. दोन महिने तेच करत राहिलो. तोडगा काढला तो समितीवरच्या त्या शिरोलीच्या कारखानदारांनी, आणि तो अगदी ओबडधोबड होता. धुरीच्या आधी मुकादमाने झाकण फिरवून बंद करायचं, आणि सेन्सर टॉर्चच्या सेलसारखा काढता-घालता येईल असा करायचा, दर हंगामाला नवा. "तू तो अमर करायला बघतीयस. दोनशे रुपयांचा तुकडा आहे, बदल की." त्यांनी खोकी त्यांच्याच कारखान्यात, लागलेल्या खर्चात बनवून दिली. आणि ॲडव्हान्स घेतल्याशिवाय यंत्र कुणाला द्यायचं नाही, अशी तंबी दिली. ती मी दोनदा मोडली. दोन्ही वेळा पैसे बुडाले. एक तर नात्यातलेच होते.

आता लाइटबिल. तिसऱ्या हंगामाला विक्री करायची तर बिल द्यायला कंपनी हवी. नोंदणीसाठी पत्ता लागतो, आणि पत्त्यासाठी जागामालकाचं ना-हरकत पत्र व दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल. आमचा पत्ता म्हणजे विद्यापीठ. ना-हरकत पत्र मॅडमनी एका दिवसात दिलं. वीजबिल मात्र पूर्ण आवाराचं एकच, उच्चदाब जोडणीचं, कुलसचिवांच्या नावावर, लाखांतलं. ते वित्त विभागातून झेरॉक्स करून मिळायला तीन आठवडे लागले, तोवर ते दोन महिन्यांपेक्षा जुनं झालं होतं. पुन्हा नवीन बिलाची वाट. सीए मला म्हणाला, "एवढ्या मोठ्या बिलावर एवढी छोटी कंपनी मी पहिल्यांदा रजिस्टर करतोय." पुढे बँकेनेही खातं उघडायला वेळ लावला. नोंदणीनंतर १८० दिवसांत भागधारकांचे पैसे खात्यात जमा दाखवून धंदा सुरू केल्याचं कळवावं लागतं, नाहीतर कंपनीला पन्नास हजारांचा दंड. हे मला सेंटरमधल्या शेजारच्या टेबलवाल्याने सांगितलं. त्याला तो बसला होता.

तिसऱ्या हंगामात एक्केचाळीस यंत्रं गेली, चौथ्यात अठ्ठ्याण्णव. माझा पगार निघतो, दोन मुलांचा निघतो. सरांना अजून काही मिळालेलं नाही आणि ते विचारतही नाहीत, वर्षातून एकदा विद्यापीठाला तसं लिहून तेवढं देतात. अण्णांच्या शेडवर यंत्र आहे. ते भोंगा बंद करून ठेवतात आणि स्वतःच रात्री दोनदा उठून बघतात.

सेंटरची मुदत गेल्या जूनमध्ये संपली. निरोपाचा एक फॉर्म होता, आठ पानांचा. तासगावात खताच्या दुकानावर एक खोली घेतलीय, गंधकाचा वास खालूनच येतो. कंपनीचा पत्ता बदलायचा म्हणून सीएने वीजबिल मागितलं. ते मालकाच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. मालक म्हणतात, महावितरणला नाव बदलायचा अर्ज देऊन ठेवलाय. सीए रोज फोन करतो.