गूळ खाल्ला की वेल्डिंगचा धूर निघून जातो का? तुम्ही विचारलंत म्हणून

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये कामगारांच्या तपासणीला गेले की हात धुवायच्या जागेपाशी कागदावर गुळाचे खडे मांडलेले दिसतात. मग कुणीतरी विचारतंच, "डॉक्टर, याने छातीतला धूर निघतो ना?"

नाही निघत. गूळ पोटात जातो, धूर फुफ्फुसात. घशाची खवखव कमी होते, म्हणून बरं वाटतं. लखनौच्या विषविज्ञान संशोधन केंद्राचा १९९४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यात गूळ दिलेल्या उंदरांच्या फुफ्फुसातून धुळीचे कण लवकर हलले. पण ती धूळ कोळशाची आणि सिलिकाची होती, वेल्डिंगचा धूर नव्हता.

वेल्डिंगचा धूर म्हणजे धातूची वाफ हवेत थिजून झालेले कण. बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही बारीक. तोंडाला बांधलेला ओला रुमाल त्यांना अडवत नाही. ते थेट वायुकोशांत जाऊन बसतात. तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण धातू पचवणार कसा? आपल्या पेशींत थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड सतत तयार होत असतं. कणातलं लोह त्याला फोडतं आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे दिसेल त्याला झोंबणारा अस्थिर कण, जन्मतो. हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये मांडलेली अभिक्रिया ती हीच. हा रॅडिकल लांब जात नाही. शेजारी जे सापडेल, पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए, त्यालाच तो भिडतो. लोह मात्र खर्च होत नाही, पुन्हा कामाला लागतं.

मला जास्त काळजी स्टेनलेस स्टीलमधल्या क्रोमियम धातूची वाटते. स्टेनलेसची वेल्डिंगची कांडी जळताना त्याचा षट्संयुजी (क्रोमियम-६) हा घातक प्रकार तयार होतो. तो दिसायला पेशी एरवी आत घेते त्या सल्फेटसारखा, म्हणून सल्फेटच्याच वाटेने पेशीत शिरतो. आत क जीवनसत्त्व आणि ग्लुटाथायोन त्याला त्रिसंयुजी (क्रोमियम-३) करतात, पण त्या वाटेवरच डीएनए दुखावणारे पदार्थ तयार होतात. म्हणजे एरवी पेशीला राखणारे रेणूच या घातात ओढले जातात. म्हणून 'मग क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ का?' यालाही माझं उत्तर नाही असंच आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला.

जे करायचं ते श्वास घेण्याआधी. नवी पोरं सांध्यावर अगदी वाकून काम करतात. हेल्मेटची काच झगझगाट अडवते, धूर हनुवटीखालून आत येतो. डोकं धुराच्या झोतातून बाहेर, एका बाजूला ठेवा. धूर ओढणाऱ्या सक्शनचं तोंड सांध्याजवळ ओढून घ्या, छतावरचा पंखा त्याच्या जागी चालत नाही. मास्क फिल्टरचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा हवा. दाढीवर तो बसत नाही. हे सगळं पुरवणं मालकाचं काम आहे, ते हक्काने मागा.

आणि जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पाइपचं काम केल्यावर संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला, तर डॉक्टरांना पाइपचं आधी सांगा. जस्ताच्या धुराचा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, पण न सांगितल्यास मलेरिया किंवा फ्लू समजून औषधं सुरू होतात. धाप लागत असेल तर मात्र उतरायची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.