दाहातच उघडणारं पॉलिमर

थायोकीटल पॉलिमर, म्हणजे दाह (इन्फ्लमेशन) असलेल्या जागीच तुटून आतलं औषध सोडणारं पॉलिमर, करायचं तर थायॉल या गंधकयुक्त संयुगाचा वास सोसावा लागतो. सडक्या लसणीसारखा, केसांत मुरणारा. आमच्या लॅबमध्ये फ्यूम हूडमधलं प्रत्येक भांडं म्हणूनच आधी ब्लीचमध्ये बुडतं. त्यातलं हायपोक्लोराइट थायॉलचं ऑक्सिडीकरण करतं आणि वास मरतो. आपल्या रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतू मारायला हेच रसायन वापरतात! आधी सुपरऑक्साइड, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड, मग मायलोपेरॉक्सिडेज या विकराच्या मदतीने हायपोक्लोरस आम्ल. (पुवाची हिरवट छटा या विकराचीच.)

अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या दाहाच्या आजारात या पेशी त्याच्या अस्तरात घुसतात आणि तिथे आरओएस, म्हणजे ऑक्सिजनचे हे आक्रमक रेणू, साचत राहतात. माझ्या मावशीला हा आजार आहे. स्टेरॉइडने रक्त पडायचं थांबतं, पण चेहरा सुजतो, साखर चढते. दुखणं आतड्यात आणि औषध अंगभर.

म्हणून 2010 साली नेचर मटेरियल्समध्ये आलेलं संशोधक निरेन मूर्ती यांच्या गटाचं काम मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी थायोकीटल पॉलिमरचे नॅनोकण केले, त्यात टीएनएफ-अल्फा हे दाह भडकवणारं प्रथिन बनू न देणारा एसआयआरएनए, म्हणजे जनुकाचा संदेश बंद पाडणारा छोटा आरएनए, भरला आणि कोलायटिस झालेल्या उंदरांना तोंडावाटे दिला. थायोकीटल बंध जठरातल्या आम्लाला दाद देत नाही, आरओएस मात्र तो तोडतात. त्यामुळे कण पोटात टिकले आणि दाह असलेल्या जागी फुटले.

याच गटाने 2007 मध्ये पेरॉक्सॅलेट या दुसऱ्या पदार्थाचे कण केले होते. हायड्रोजन पेरॉक्साइड भेटलं की ते स्वतःच प्रकाश देतात, बाहेरून उजेड पाडावा लागत नाही. उंदराच्या शरीरातलं पेरॉक्साइड असं टिपता आलं. माणसाच्या जाड ऊतींतून तो प्रकाश बाहेर येणं अवघड, हेही खरं.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. कितीतरी पेपरांत पॉलिमर मिलिमोलर पेरॉक्साइडमध्ये बुडवून 'विघटन झालं' असं दाखवतात. दाह झालेल्या ऊतीत पेरॉक्साइड बहुधा मायक्रोमोलरच्या घरात असतं, आणि मायक्रोमोलर म्हणजे मिलिमोलरचा हजारावा भाग. एवढ्या फरकाने निष्कर्षच बदलू शकतो. म्हणून आमच्या गटात मी आग्रह धरते: आधी कमी सांद्रता, मग चेतवलेल्या मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींवर) चाचणी, आणि सोबत आरओएसने न तुटणारं तसंच पॉलिमर तुलनेला. वेळ लागतो, विद्यार्थी वैतागतात. पण मावशीसारख्या माणसाच्या पोटात जायचं आहे हे.