चोवीस तास एकाच पाण्यामागे

माझ्या पीएचडीचं काम एका ओळीत सांगायचं तर अरबी समुद्रात दर तीन तासांनी पाणी काढायचं आणि त्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन दिवसभरात किती चढतो-उतरतो ते बघायचं. दिवसा वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, ऊन खाऊन जे बनवतात, त्यातलं थोडं पाण्यात सोडतात. जिवाणू ते रात्रंदिवस फस्त करतात. अंधार पडला की प्राणी-प्लवक, म्हणजे तरंगणारे छोटे प्राणी, खालून चरायला वर येतात आणि त्यांचं खाणं भलतंच सांडलवंडीचं, त्यातूनही कार्बन पाण्यात मिसळतो.

गोची आकड्यांची. वरच्या पाण्यात हा कार्बन लिटरला साधारण 70-80 मायक्रोमोल, दिवस-रात्रीचा फरक जेमतेम दोन-चार, आणि यंत्रच एक-दीडने इकडेतिकडे होतं. डेकवरचं ग्रीस, सिगारेटचा धूर, कुणाचं हँडक्रीम, एवढ्यानेही आकडा वर जाऊन दिवस-रात्रीचा फरकच झाकला जातो! म्हणून काचेच्या बाटल्या आणि फिल्टर निघण्यापूर्वीच 450 अंशांवर भट्टीत भाजून फॉइलमध्ये गुंडाळले होते. निस्किन बाटल्या (ठरावीक खोलीवरचं पाणी बंद करून आणणाऱ्या) वर आल्या की आधी ऑक्सिजन मोजणारे पाणी घेतात, मग मी. "हातमोजे बदललेस का गं?" हे मॅडम दर वेळी विचारायच्याच.

पाणी वाहत असतं, त्यामुळे पाण्याखाली पडदा सोडलेल्या तरंगत्या बोयामागे जहाज हळूहळू जात होतं. तरीही पहाटे तीनला कार्बन एकदम चढला. सीटीडी, म्हणजे पाण्याची क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र, पाहिलं तर क्षारताही बदललेली. म्हणजे पाणीच दुसरं! तो बिंदू बाजूला.

लॅबमध्ये आधी आम्ल घालून असेंद्रिय कार्बन उडवायचा, कारण तो 2000 च्या घरात असतो. मग प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर 680 अंशांना नमुना जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा. अधूनमधून मायामी विद्यापीठातून आलेलं खोल समुद्राचं प्रमाणित पाणी लावून यंत्र तपासायचं.

आलेख निघाला तो जवळपास सपाट, दुपारनंतर पुसटसा उंचवटा. मला मात्र तो सपाटपणाच रंजक वाटला. त्या 70-80 पैकी 40 च्या आसपास कार्बन हजारो वर्षांचा जुनाट, तो एका दिवसात कशाला हलतोय. ताजा माल तयार होतो आणि काही तासांत संपतो, शिल्लक मोजून उलाढाल कळणार कशी? पुढच्या फेरीत शिल्लकीऐवजी जिवाणूंचा खाण्याचा वेगच मोजायचा, असं ठरलंय. त्यासाठी किरणोत्सारी ल्युसिन (जिवाणू प्रथिनं बनवायला वापरतात ते एक अमिनो आम्ल) लागेल आणि त्याच्या परवानगीचे कागद सध्या टेबलावर आहेत.