भरीत पार्टी आणि निळ्या काठाची वाटी

डिसेंबर आला की अमळनेरला आमच्या कॉलनीच्या मंडळाची भरीत पार्टी ठरलेली. बोरीकाठचा मळा, सकाळपासून पेटवलेल्या तुराट्या नि कपाशीच्या काड्या, आणि त्या जाळात करपणारी हिरवी, मोठाली वांगी. सालं काढताना बोटं पोळतात, तरी चिमटा कुणी घेत नाही. मग लाकडी मुसळीनं ठेचायचं, वर कांद्याची पात, शेंगदाणे, मिरची-लसणाची सढळ हाताची फोडणी. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी.

२०१३ ते २०१७ या काळात ह्यांच्या ठिबक सिंचनाच्या नोकरीमुळे आम्ही तुर्कस्तानात, इझमीरला होतो. वर्षातून एकदाच सुट्टी मिळायची. ती दिवाळीला न घेता आम्ही भरीत पार्टीला घेत असू. सासूबाई पहिल्या वर्षी रुसल्या, दुसऱ्या वर्षी त्याच मळ्यावर भाकऱ्या थापायला बसल्या.

जेवणं उरकली की सतरंजीवर सगळे गोल करून बसायचे. कोपऱ्यावरच्या मावशी मला म्हणायच्या, "आते सांग व, तठे काय काय देखं?"

पहिल्या वर्षी सांगितली ती वाटीची गोष्ट. नोव्हेंबरात, मोहरमच्या दिवसांत, खालच्या मजल्यावरच्या आजी निळ्या काठाची चिनी मातीची वाटी घेऊन दारात उभ्या. आत आशुरे: गहू, हरभरे, सुके जर्दाळू, मनुका शिजवून केलेली गोड खीर, वर डाळिंबाचे दाणे. महापुरात तरलेल्या प्रेषित नूहच्या नौकेतलं धान्य संपत आलं, तेव्हा उरलंसुरलं सगळं एकत्र शिजवलं, त्याची ही आठवण. ती आपण एकट्यानं खायची नसते, शेजारीपाजारी वाटायची. दुसऱ्या दिवशी मी वाटीत शेंगदाण्याचे लाडू घालून दिले, तर आजींचे डोळे चमकले. भांडं रिकामं परत करू नये, हे त्यांच्याकडेही तसंच पाळतात. मावशींनी ते ऐकलं आणि निघताना माझ्या पिशवीत बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा डबा कोंबला. "तिन्या वाटीमा घाल." विमानात निम्म्या बिबड्यांचा चुरा झाला. आजींनी तो चुराही तळून खाल्ला.

तेव्हापासून प्रवासात काहीही दिसलं की आम्ही एकमेकांकडे बघायचो, हे मळ्यावर सांगायचं. सोकेच्या मैदानात सप्टेंबरात फुटलेला कापूस पाहून ह्यांनी गाडी थांबवली आणि वेचणी कशी चाललीय ते बघत बराच वेळ बांधावर उभे राहिले. अनामूरला केळीच्या बागा दिसल्या, तर जळगावात असल्यासारखंच वाटलं. बाजारात दुकानाला 'दुक्कान', साबणाला 'साबुन', हिशेबाला 'हेसाप' म्हणतात, हे सांगितल्यावर मंडळातली पोरं दिवसभर 'हेसाप, हेसाप' करत मळाभर पळत होती.

तिथे वांगं निखाऱ्यावर भाजतात, काळं पडू नये म्हणून लिंबू पिळतात, दही-लसूण घालून कालवतात. ऑलिव्ह तेलात शिजवलेलं भरलं वांगं असतं, त्याचं नावच 'इमामाला घेरी आली'. पण २०१६ साली जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं होतं. त्या वर्षी परदेशी वांग्याचं कौतुक कुणी ऐकूनच घेतलं नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं.

२०१४ ला मात्र सगळे गप्प झाले होते. त्या वर्षी आम्ही कोन्याला जाऊन मग आलो होतो. सूफी संतकवी रूमी तिथेच १७ डिसेंबर १२७३ ला गेले. त्या तिथीला तिथे शोक करत नाहीत, तिला मीलनाची रात्र म्हणतात. त्यांच्या पंथाचे सूफी दरवेश काळा झगा उतरवून ठेवतात आणि पांढऱ्या घेरदार वस्त्रात गिरक्या घेतात. उजवा तळवा आभाळाकडे, डावा जमिनीकडे. वरून घ्यायचं ते खाली देऊन टाकायचं. अमळनेरच्या संत सखाराम महाराजांच्या वाडीत जन्मभर टाळ धरलेले आमचे आप्पा उठले, सतरंजीवरच हात तसे करून पाहिले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

इझमीर सोडलं त्या सकाळी आजींनी टॅक्सीच्या खिडकीतून तीच वाटी माझ्या हातात दिली, सुक्या अंजिरांनी भरलेली. गाडी हलली तशी त्यांनी मागे रस्त्यावर तांब्याएवढ्या भांड्यातलं पाणी ओतलं. म्हणजे, पाण्यासारखी जा, पाण्यासारखी ये. वाटी परत करायची राहून गेली.

आता मळ्यावर ती ठेच्याला असते. मावशी दरवर्षी तिच्यातला ठेचा वाढून घेतात आणि विचारतात, "वाटी कव्हय परत देशी व?" मी म्हणते, "भरायला काय देता ते सांगा आधी."